आगशी ते कुठ्ठाळी, एक नग

चलनावर लिहिलं होतं : एक नग, सहाशे दहा किलो,
उलटे करू नये.
फेरीवाल्यानं विचारलं, कितें रे भितर?
मी म्हटलं, हिशेबनीस.
तो हसला, आणि तिकीट ट्रकचंच फाडलं.

अठ्ठ्याहत्तर साल. जुवारीवर पूल नव्हता.
ताडपत्रीखाली यंत्र, ताडपत्रीला टेकून
बांगड्यांच्या सात पाट्या,
आणि माझ्या गळ्यात मुंबई कचेरीनं दिलेला टाय,
जो मी पणजीबाहेर पडलो की सोडायचो
नि गिऱ्हाइकाच्या जिन्यावर पुन्हा बांधायचो.

चौदा महिने वास्कोला खेपा घातल्या होत्या
सगुण शेट कारापूरकरांच्या पेढीवर.
बार्जी बत्तीस, खाणी दोन, मुनीम अकरा.
मी यंत्राबद्दल बोलायचो, ते जपानी बोटींबद्दल.
चहा यायचा.
चहाबरोबर बिस्किटं येऊ लागली
तेव्हा मी कचेरीला तार केली : प्रगती आहे.

विकणं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं.
यंत्र कुणी घेत नाही.
शेजारच्या पेढीनं आधी घेतलं तर, ही धास्ती घेतात.

हेड मुनीम सेबास्तियांव कुलासो
बेरीज पोर्तुगीजमध्ये करायचा, ओठांतल्या ओठांत,
दोइश, त्रेश, क्वात्रु,
अंगठा रकान्यावरून खाली यायचा
माडावरून रेंदेर उतरावा तसा,
आणि तळाशी पोचला की दुदीणें भरलेलं असायचं.

प्रात्यक्षिकाला दोघांना एकच महिना दिला,
मार्चचा, टनांचा.
यंत्रानं चार मिनिटं घेतली, कुलासोनं अख्खी दुपार.
फरक आला नऊशे टनांचा.
सगळे माझ्याकडे बघू लागले.
यंत्रासाठी थंड केलेल्या त्या खोलीत
घाम आलेला पहिला माणूस मीच असेन.
कुलासोनं कार्डांचा गठ्ठा मागितला,
एकेक कार्ड खिडकीकडे धरून चाळलं
आणि एका भोकावर नख ठेवलं :
हांगा.
यंत्र बरोबर होतं. टोचणाऱ्या पोरीचं बोट चुकलं होतं.
“तुजें यंत्र प्रामाणीक,” तो मला म्हणाला,
“सांगलें तितलेंच खाता.”

शेटनी त्या वाक्यावर सही केली.
माझ्या चौदा महिन्यांवर नाही,
त्या वाक्यावर.
हे मी घरी कधी सांगितलं नाही.

वर्षभरात अकरा मुनिमांचे चार झाले.
कुलासो त्या चारांत नव्हता.
मला स्कूटरपुरतं कमिशन मिळालं
आणि दिल्लीला टाळ्यांत एक सोनेरी बिल्ला,
ज्याची टाचणी दुसऱ्याच आठवड्यात मोडली.

मग पेट्या लहान होत गेल्या.
सहाशे किलोंचे साठ, साठांचे सहा.
अठरा जून रस्त्यावर काचेमागे
किमतीची चिठ्ठी लावून बसू लागल्या.
माझं चौदा महिन्यांचं काम
ती चिठ्ठी उभ्या उभ्या करायची,
बिस्किटांशिवाय.
एका सोमवारी मला जायला कुठलाच जिना उरला नाही.
टायनं आता परसातलं पपईचं झाड काठीला बांधलंय.
गाठ तीच.

परवा शेटचा मुलगा भेटला, मडगावला, दातांच्या डॉक्टरकडे.
एका गालानं म्हणाला,
आमचं पहिलं यंत्र आठवतं,
काय वास यायचा त्याला! बाबा सांगत, परदेशी तेलाचा.
मी मान हलवली.
नव्या यंत्राला येतो असा वास,
हे मीच सांगितलं होतं शेटना, जिन्यात, टाय बांधता बांधता,
आणि सगळ्यांनी मानलं होतं.

कुलासोनं तेवढं
चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळ नेऊन,
वहीत मांडावं तसं सांगितलं होतं :
बांगडे. कालचे.